लोणी भापकरच्या मैदानात एक उजवा हात

मोटारीच्या दारांची कुलपं उघडझाक करणाऱ्या आठ छोट्या मोटरी जुन्या साडीत गुंडाळून कुणी बारामतीला जात नाही. मी गेले. चिपळूण स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरने पिशवी उचलून देताना विचारलं, "वहिनी, दगड भरलेत काय?" मी म्हणाले, "लोणची आहेत." खरं सांगितलं असतं तर गाडी सुटेपर्यंत समजावत बसावं लागलं असतं. पन्नाशी उलटलेली बाई यंत्रमानव बनवायला निघालीय, हे वाक्य सरळ चेहऱ्याने ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. यंत्रमानव हा नाद. फरशीवर काळी पट्टी चिकटवली की ती धरून चालणारी गाडी मी आधी केली, मग नारळ खवणारा हात केला. त्या हाताने पहिल्याच दिवशी अर्धा नारळ देव्हाऱ्यावर भिरकावला, आणि सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार केलं. असले उद्योग करणाऱ्यांचा एक ग्रुप फोनवर आहे. त्यात बहुतेक सगळी कॉलेजची पोरं आणि मला दर वाक्याला "आंटी" म्हणणारी.

त्या ग्रुपवर एके दिवशी एक आवाजी निरोप आला. "नमस्कार मंडळी. सर्जेराव बोलतोय, वालचंदनगरवरनं. फिटर हाय, रिटायर झालेला. माझं मशीन हलगी वाजवतंय, पण मोटर जळतीया. कुणाला काय सुचतंय का?" पोरांनी हसरे चेहरे पाठवले. मी विचारलं, हाताचं वजन किती? उत्तर आलं, "येका हाताचं साडेचार किलो." मी कपाळावर हात मारला आणि फोन लावला.

हलगी त्यांच्या दाजींसाठी होती. दाजी म्हणजे बहिणीचे यजमान, लोणी भापकरचे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. चाळीस वर्षं तात्यांनी कुस्तीच्या मैदानांत हलगी वाजवली. दोन वर्षांपूर्वी लकव्याने उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते मैदानात फिरकले नाहीत, आणि जत्रेच्या दिवशी तर दार लावून आत बसतात. गावची जत्रा आठ दिवसांवर होती.

"त्येंना येकदा मैदानात बसवायचं हाय, ताई," सर्जेराव म्हणाले. "तुमचा हात हलका दिसतोय. येता का?"

असं बोलावणं मला आयुष्यात कुणी पाठवलं नव्हतं. नवऱ्याने कॅलेंडर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जा. नाहीतर इथे बसून माझी मिक्सरची मोटर काढशील."

बारामतीहून वालचंदनगर

चैत्रातलं ऊन काय असतं ते कोकणातल्या माणसाला माहीत नसतं. आमच्याकडे घाम येतो. इथे येतो आणि वाळतो, दोन्ही एकदम. बारामती स्टँडवर उतरले, आलं-लिंबू घातलेला उसाचा रस दोन ग्लास प्यायले आणि मगच मला माझं नाव आठवलं. रसवंतीवाल्याने तिसरा ग्लास न मागता पुढे केला. "आणि घ्या, बाई. तोंड उतरलंय तुमचं." माझं तोंड मुळातच तसं आहे, पण रस मी घेतला.

वालचंदनगरच्या गाडीत माझी फजिती झाली. पिशवीत मोटरींबरोबर बॅटरी होती, ती माझ्या निष्काळजीपणाने जोडलेलीच राहिली होती. खड्ड्यात चाक गेलं, बटन दाबलं गेलं आणि पिशवी टक-टक, टक-टक करायला लागली. शेजारच्या बाईच्या मांडीवर शेवग्याच्या शेंगांची जुडी होती. तिने आधी शेंगा सावरल्या, मग पिशवीकडे कान लावला.

"कोंबडी हाय का काय?"

"मशीन आहे," मी म्हणाले.

"मग खायाला काय घालता त्येला?" तिने अगदी सरळपणे विचारलं. बॅटरी दाखवल्यावर तिचं समाधान झालं. उतरताना तिने चार शेंगा माझ्या पिशवीत खुपसल्या. आमच्याकडे अनोळखी माणसाला कुणी काही द्यायचं तर आधी त्याचं गाव, आडनाव, कुणाचे कोण हे सगळं निघतं. इथे आधी देतात आणि मग विचारतात.

खिडकीतून ऊस संपता संपत नव्हता. आमच्याकडे पाणी वरून धो धो पडतं आणि समुद्राला जाऊन मिळतं, फाल्गुनात विहिरीचा तळ दिसतो. इथे ते कालव्यातून येतं, पाळीपाळीने, वेळ ठरवून. पाण्याची पाळी हा शब्द त्या चार दिवसांत मी इतक्यांदा ऐकला की घरी आल्यावर नळाला पाणी आलं तेव्हा माझ्याही तोंडून तोच निघाला.

आबा स्टँडवर उभे होते. सर्जेरावांना तिथे सगळे आबा म्हणतात, मीही तेच धरलं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. बोलताना ते ती काढतात आणि समोर जे असेल ते मोजतात. मी चहा घेत होते तर माझ्या कपाचा कान मोजला. गावातून जाताना मोठमोठ्या झाडांच्या सावल्या आणि कंपनीच्या वसाहतीचे सरळ रस्ते दाखवत म्हणाले, "तीस वर्सं हितं काढली. साखरकारखान्याची मशिनं केली. दोन माणसं हात पसरून उभी ऱ्हायली तरी मावणार न्हायत आसले गियर."

मशीन बघितल्यावर ते मला पटलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी चॅनेलचा, म्हणजे पन्हळीसारख्या पोकळ पट्ट्यांचा, एक घोडा उभा होता. त्याला ट्रकच्या वायपरच्या मोटरी, आणि दोन हात, जाड पट्टीचे, बोल्टने आवळलेले. आबांनी बटन दाबलं. शेड थरथरली, पत्र्यावरचं मांजर पळालं आणि हलगीवर जे काही पडलं त्याला ताल म्हणणं धाडसाचं होतं. मग जळका वास आला.

"आबा, हा हात ऊस पिळेल," मी म्हणाले.

ते हसले, पण थोडे ओशाळले. "मोठंच करायची सवय, ताई. बारकं कंदी केलंच न्हाय. वाटलं, तुटाया नगं."

तुटायला नको म्हणून माणूस किती जड होतो, हे मी त्या शेडमध्ये बघितलं. पण त्या वेळी मला त्यातली खरी गोष्ट कळली नव्हती.

दुसरा दिवस आम्ही दोघांनी वजन उतरवण्यात घालवला. लोखंडी हात गेले, बांबूचे आले. वायपरच्या मोटरी गेल्या, माझ्या कुलपाच्या मोटरी बसल्या. त्या एक बोटभर पुढे झेप घेतात आणि मागे येतात, हलगीला तेवढंच हवं असतं. आबांनी बांबूसुद्धा कानस लावून असा घासला की त्यात आपलं तोंड दिसावं. जेवणाच्या वेळी मालनबाई, त्यांच्या पत्नी, दारात येऊन उभ्या राहत आणि काही न बोलता परत जात. तिसऱ्यांदा आल्या की आबा उठत. बाजरीची भाकरी, मटकीची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मालनबाईंनी ताटात गुळाचा खडा ठेवला आणि आबांना म्हणाल्या, "पाव्हणीला रडवलं." जेवणात त्यांनी उच्चारलेलं ते एकमेव वाक्य.

संध्याकाळच्या आत मशीन वाजलं. दोन हात, उजवा जाड आखूड टिपरू धरलेला आणि डावा लांब बारीक काडी धरलेला. छोट्या बोर्डात मी ताल भरला होता, कडकड-कड, कडकड-कड, स्वच्छ. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"थांबवायचं बटन कुठं आहे?" मी विचारलं. चालू करायचं होतं, कमी-जास्त करायचं होतं. थांबवायचं नव्हतं. अगदी कमी केलं तरी हात हळूहळू वाजवतच राहायचा, ही सोय आबांनी माझ्याकडून मुद्दाम करून घेतली होती.

"लागत न्हाय," आबा म्हणाले. "सीझनमदी मिल थांबली की फिटरचं तोंड काळं. वाजत ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, सवयीचा गुलाम माणूस. सोडून दिलं.

लोणी भापकर

तिसऱ्या दिवशी मशीन एका पिकअपमध्ये गोधड्यांवर झोपवलं आणि निघालो. वाटेत माळेगावला चहाला थांबलो. कारखान्याचा हंगाम नुकताच संपला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रिकाम्या, रांगेत, तोंडं एकाच दिशेला करून उभ्या होत्या. आबा चिमणीकडे बघत म्हणाले, "बंद कारखाना बघवत न्हाय मला." चहाचा कप तसाच ठेवून ते गाडीत जाऊन बसले.

पुढे ऊस सरला आणि माळ सुरू झाला. मुरमाड जमीन, डाळिंबाच्या बागा, मध्येच ज्वारीचं रिकामं रान. तात्यांचं घर गावाच्या कडेला, दारात कडुलिंब आणि लिंबाखाली बाज. बाजेवर तात्या. उंच, हाडापेराने मोठा माणूस, उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. अक्का, म्हणजे आबांची बहीण आणि तात्यांची बायको, आतून पाणी घेऊन आल्या. आबांना बघून म्हणाल्या, "आलास व्हय लोखंड घेऊन?"

"लोखंड न्हाय अक्का, बांबू हाय औंदा."

तात्या हसले. अर्धा चेहराच हसला, पण तो अर्धा पुरेसा होता. त्यांचं बोलणं सावकाश येतं, शब्द मोजून. "पाव्हण्या कुठल्या?"

"चिपळूणच्या, दाजी. शिलाई मशीन दुरुस्त करत्यात."

"मग हलगीला टाके घाला," तात्या म्हणाले. मला ते तिथेच आवडले.

हलगी त्यांचीच होती, आबांनी उसनी नेलेली. कातडं ताठ व्हावं म्हणून अक्कांनी उसाचं पाचट पेटवून ते शेकलं आणि तात्यांपुढे धरलं. तात्यांनी डाव्या अंगठ्याने एकदा दाबून बघितलं, मान हलवली. हलगी मशीनवर चढवली. आबांनी टोपी नीट केली आणि बटन दाबलं.

छान वाजलं. खरंच सांगते, माझ्या हातून इतकं नेटकं काही झालं नव्हतं. शेजारच्या घरांतून माणसं आली. आबा तात्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी बघतात तसे.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाजतंय चांगलं. पण बघत न्हाय."

"म्हंजी?"

"कुस्ती बघावी लागती, सर्जा. पैलवान कवा दम खातोय, कवा पकड बदलतोय. हलगी बघून वाजती. हे आपलं वाजतंय." आणि मग, कुणालाही न दुखवता, "मला नगं हे. मैदानात ह्येला नेऊन मी काय करू? बाजूला बसून ऐकू? त्ये मी हितंबी ऐकतो, दार लावून."

आबांनी मशीन बंद केलं. वायर ओढूनच बंद करावं लागलं. ते पट्टी काढून उगाच बांबू मोजायला लागले. त्या माणसाने सहा महिने घासलेलं, जाळलेलं, पुन्हा केलेलं सगळं दोन वाक्यांत संपलं होतं, आणि सांगणारा खरं बोलत होता. मला गहिवरून आलं. असं झालं की मी चिडते, हा माझा स्वभाव. म्हणून मी जरा जोरातच विचारलं, "तात्या, तुमचा डावा हात चालतो ना?"

"चालतोय की."

"मग मशीनचा डावा हात काढते. तो तुमचाच राहू दे. मशीन फक्त उजवा हात होईल. वाजवायचं तुम्ही."

तात्यांनी माझ्याकडे, मग मशीनकडे बघितलं. "आणि त्येला कोण सांगणार, कवा मारायचं त्ये?"

मी आजूबाजूला बघितलं. सोप्यात अक्कांचं शिलाई मशीन होतं. पायाने चालणारं, पण खाली मोटरही जोडलेली आणि मोटरीचं पायपेडल धुळीत पडलेलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी किती पेडलं उघडली याचा हिशेब नाही. मी अक्कांकडे बघितलं.

"न्या," अक्का म्हणाल्या. "मला काय, पायानं चालवीन."

पेडलच्या आतला खराब भाग काढून त्याजागी रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटन बसवलं आणि तार बोर्डाला जोडली. पाय जेवढा दाबाल तेवढा हात जलद. हलगी तात्यांच्या छातीशी पट्ट्याने बांधली, डाव्या बोटांत काडी दिली, बांबूचा हात उजव्या बाजूला आणला आणि पेडल त्यांच्या डाव्या पायाखाली ठेवलं.

पहिला अर्धा तास वाईट होता. काडी एक म्हणे, टिपरू दुसरंच म्हणे. तात्या रागावून पाय आपटायचे आणि टिपरू सुसाट सुटायचं. मग केव्हातरी, तात्या पेडलकडे बघायचं विसरले आणि समोर कोंबडीमागे धावणाऱ्या कुत्र्याकडे बघायला लागले. कुत्रं पळालं तसा ताल पळाला, कुत्रं वळलं तसा वळला. अक्का हातातलं भांडं तसंच धरून उभ्या राहिल्या.

तात्यांनी पाय पूर्ण उचलला. बांबूचा हात हळूहळू वाजवतच राहिला. कड. कड. कड.

"थांबत न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय थांबत," आबा पटकन म्हणाले. "थांबायचं कशाला?"

"थांबल्याशिवाय हलगी व्हय, सर्जा?"

"मशीन थांबलं म्हंजी बिघडलं दाजी."

"मी काय मशीन हाय का?"

"थांबणार न्हाय त्ये," आबा म्हणाले. आवाज इतका चढला की शेजारची माणसं आपापल्या कामाला लागली. आबा उठून विहिरीकडे चालते झाले. एवढा मऊ माणूस एका बटनावरून असा का भांडतो, मला कळेना.

ते अक्कांनी सांगितलं. चुलीपाशी बसवून, चहा देऊन, आवाज खाली ठेवून.

"ह्यांची येक खोड हाय. लढत निकराला आली की डाव पडायच्या आदी ह्ये हलगी थांबवत्यात. येकदम गप. समदं मैदान दम धरून बसतंय, आणि पैलवान पडला की मग कडकडाट. पंचक्रोशीत ठावं हाय. दोन वर्सांमागं जत्रेत अशीच थांबली हलगी. मी नव्हते तितं, बाया मैदानात जात न्हायत. पण ऐकून ऐकून पाठ झालंय. सर्जा त्येंच्या मांडीला मांडी लावून बसल्याला. मैदान गप, सर्जाबी गप. मानसं म्हणाली, आज तात्या लई ताणतोय. कुस्ती सुटली तरी ह्यांचा हात खालीच. मग टिपरू पडलं हातातनं. तवा कळलं."

त्यांनी पदराने कपाची कडा पुसली.

"दवाखान्यात लगीच नेलं. डॉक्टर म्हणलं, तेवढा उशीर झाला नसता तरी काय बदललं नसतं. पण सर्जाच्या मनातनं जात न्हाय. त्यो म्हणतोय, मी श्येजारी बसून टाळी वाजवायची वाट बघत हुतो."

माझा चहा तसाच निवला. लोखंडी हात, तुटायला नको, बंद कारखाना बघवत नाही, हे सगळं मला एकदम समजलं. मी आबांना सवयीचा गुलाम म्हटलं होतं, मनातल्या मनात का होईना. लाज वाटली.

आबा विहिरीच्या काठावर बसले होते. मी शेजारी बसले. मग मीच म्हणाले, "आबा, थांबलं नाही तर ते मैदानात बसणार नाहीत."

"ठावं हाय मला."

त्यांनी पट्टी खिशातून काढली, परत ठेवली. "थांबू द्या. पण वीस मोजंपातूर. येकविसाव्याला भोंगा वाजला पायजे. पायाखाली पेडल गप ऱ्हायलं की भोंगा."

"आणि ऐन कुस्तीत वाजला तर? मैदान नासेल आबा. तात्यांची शोभा होईल."

"नासू दे मैदान. माणूस नासाया नगं."

मी तसं केलं. आबांनी जुन्या स्कूटरचा हॉर्न आणून चॅनेलच्या आत, दिसणार नाही असा बसवला. तात्यांना सांगायचं नाही असं ठरलं. हे मला आवडलं नाही, तरी तार मीच जोडली. थांबतं म्हटल्यावर तात्यांनी दोनदा पाय उचलून खात्री केली, दोन्ही वेळा सात-आठ मोजायच्या आत पाय परत टेकला, आणि ते म्हणाले, "मग उद्या जाऊया."

मैदान

जत्रेच्या दिवशी घरोघरी पुरणपोळी. आमच्याकडे शिमग्याला पालखी नाचवतात, ढोल फुटेपर्यंत वाजवतात आणि कुणी थांबत नाही. थांबण्याचं कौतुक असलेलं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. अक्कांनी मला तुपाची वाटी रिकामी होऊ दिली नाही, आणि मग स्वतः पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पाचटाची पेंढी काखेत मारून दारात उभ्या राहिल्या.

"तू कुठं?" तात्यांनी विचारलं.

"हलगी कोण शेकणार? तुमचं मशीन?"

अशा रीतीने लोणी भापकरच्या मैदानात त्या दिवशी दोन बायका बसल्या. कुणी काही म्हणालं नाही. म्हणजे, एक म्हातारे गृहस्थ म्हणायच्या बेतात होते, पण अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. तात्यांना खुर्चीतून आणून खाली पाटावर बसवायला लागले तेव्हा कडेला बसलेली माणसं उठून उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती उठली आणि ते बसल्यावर बसली. तात्यांनी डाव्या हाताने मैदानातली चिमूटभर माती घेऊन कपाळाला लावली.

पहिल्या कुस्त्यांना मशीन माणसांनी बघितलं. "बांबू मारतोय बघ." "बाईनं केलंय म्हणं." तिसऱ्या कुस्तीपासून मशीनकडे बघणं बंद झालं. माझ्या कामाला याहून मोठं शाबासकीचं पत्र मिळणार नाही. कुस्ती सुटली की भोंगा वाजू नये म्हणून मी मशीनची वायर काढून ठेवायचे. दोन कुस्त्यांनी हलगीचं कातडं सैल पडून आवाज उतरला की अक्का ती सोडवून जाळावर शेकत, तात्या अंगठ्याने दाबून बघत आणि मान हलवत. चाळीस वर्षांच्या संसारात अक्का त्यांचं वाजवणं मैदानात पहिल्यांदा ऐकत होत्या. त्या कुस्त्या बघतच नव्हत्या.

शेवटाकडच्या तीन कुस्त्या राहिल्या. दोन तगडे पैलवान, एक इंदापूरकडचा, एक जवळच्याच गावचा. बराच वेळ कुणी कुणाला हलेना. मग इंदापूरच्या गड्याने कंबर धरली, दुसऱ्याने पाय रोवले आणि दोघे तसेच गच्च राहिले. हलगी चढत गेली. तात्यांचं सगळं शरीर पुढे झुकलं, डोळे लाल मातीवर.

आणि पाय उचलला.

काडी थांबली. टिपरू थांबलं. मैदान एकदम गप्प झालं. मागे पाळण्यांचा कुठेतरी आवाज येत होता, तोही लांब गेल्यासारखा झाला. मी मोजायला लागले. चार, पाच. आबा तात्यांच्या शेजारी जमिनीवर बसले होते, मांडीला मांडी लावून, दोन वर्षांपूर्वीसारखेच. त्यांचे ओठ हलत होते. नऊ. दहा. पैलवान थरथरत होते, पण पडत नव्हते. तात्या दगडासारखे बसलेले. काडी धरलेली डावी बोटंसुद्धा हलत नव्हती. बारा. आबांचा चेहरा पांढरा पडला. तेरा. मला भोंग्याची भीती वाटत होती, आणि मग लक्षात आलं की मला त्याची वाट बघावीशीही वाटतेय. पंधरा. तात्यांचा पाय अजून वरच. सोळा. आबा गुडघ्यावर आले, त्यांचा हात तात्यांच्या खांद्याकडे निघाला.

"हाय मी, सर्जा," तात्या म्हणाले. डोळे मातीवरच, आवाज हळू, नेहमीसारखा मोजून आलेला. "मोजू नगंस. बस खाली."

अठरा. पैलवान वळला, दुसऱ्याची पाठ मातीला लागली आणि पाय पेडलवर आदळला.

त्या कडकडाटाचं वर्णन मला करता येणार नाही. टोप्या उडाल्या, फेटे सुटले, अक्का पदर तोंडात धरून रडत होत्या आणि मी कुणाच्या तरी काकांच्या पाठीवर थाप मारत होते. त्या गोंधळात आबा मशीनपाशी वाकले. चॅनेलच्या आत हात घालून त्यांनी भोंग्याची तार तोडली, हॉर्न काढला आणि पट्टीशेजारी सदऱ्याच्या खिशात कोंबला. खिसा एका बाजूला लोंबायला लागला. मग परत येऊन दाजींच्या मांडीला मांडी लावून बसले.

तात्या भोंग्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना केव्हा कळलं होतं, कुणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. अक्का पाचट पेटवत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्यानंतरच्या दोन्ही कुस्त्यांत तात्या आणखी लांब थांबले. किती, ते सांगता येणार नाही. आम्ही दोघांनीही मोजलं नाही.